आरशातलं गिऱ्हाईक

प्रिय बारक्या,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहायला बसलोय. तुझी वहिनी मघाशी दारातून डोकावून गेली, की दुकान बंद करून हा माणूस कागद-पेन घेऊन काय करतोय. माझं डोकं ठिकाणावर नाही असं तिचं मत आहे. खरं सांगू, मलाही हल्ली तसंच वाटायला लागलंय.

दुकान आहे तिथेच आहे. आप्पा गेल्यावर त्यांची लाकडी खुर्ची काढून फिरणारी घेतली, आरसा मात्र तोच ठेवला. आई मागच्या खोलीत असते. तिला आता दिसायचं फार कमी झालंय, पलंगापासून दारापर्यंत भिंत धरून येते. जन्मभर लोकांच्या गालाला साबण लावायचा नाही म्हणून आप्पांशी भांडून तू गेलास, त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझ्या वयाची मुलं म्हणून मी ज्यांचे केस कापायचो त्यांची मुलं येतात. तू कुठे आहेस, काय करतोस, आहेस तरी का, काही म्हणजे काही कळलं नाही.

मुद्द्याचं सांगतो. दुकानात हल्ली एक गिऱ्हाईक येतं. कमी बोलणारा माणूस. दाढी म्हणतो, डोळे मिटतो, झाली की पैसे देऊन चालू लागतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी मागे उभा राहून त्याच्या गळ्याशी टॉवेल खोचला, सवयीने आरशात बघितलं, आणि माझे हातच थांबले. तू बसला होतास रे. मग दाढीसाठी खुर्ची माझ्याकडे वळवली तर तू गेलास, समोर भलताच कुणीतरी. पुन्हा आरशाकडे वळवली, पुन्हा तू. असं मी त्या बिचाऱ्याला इतकं गरागरा फिरवलं की शेवटी त्याने डोळे उघडून काय चाललंय म्हणून विचारलं. खुर्चीचा स्क्रू अडकतोय म्हणून थाप मारली.

त्यावर मी पुष्कळ विचार केला. आप्पांनी मला कात्री धरायला शिकवली ती तुझ्याच डोक्यावर. मी मागे, तू पुढे, कान कापला जाईल म्हणून तू आरशात माझ्यावर डोळे वटारून बसलेला. तुझं तोंड मी नीट निरखलं असेल तर ते आरशातच. भांग उलटा, हसताना वर जाणारा ओठही उलट्या बाजूचा. तसाच तू माझ्या डोक्यात बसलायस. नाहीतरी रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं की मला ओळखू येत नाही. लोक नमस्कार करतात, मी बावळटासारखा बघत राहतो, आणि मनातल्या मनात त्यांच्या गळ्यात टॉवेल अडकवला की मग कुठे डोक्यात ट्यूब पेटते. पण त्यामुळे हा माणूस तू ठरतोस, की आरशातला कुठलाही बारीक चणीचा माणूस मला तूच वाटणार, हे काही सुटत नाही.

तुझ्या टाळूवर दोन भोवरे होते. केस कुठल्याच बाजूला बसत नाहीत म्हणून आप्पा वैतागायचे. चेहरा बदलेल, पण भोवरा कुठे जातो, म्हणून माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती. तर याला तिथे तुळतुळीत टक्कल. आता काय करायचं सांग.

एकदा तुझ्या वहिनीला पडद्याआडून बघायला लावलं. तिने तुला कधी पाहिलेलंच नाही, पण तिचं म्हणणं, हा तर हुबेहूब तुमच्यासारखा दिसतो. झालं, होता तो घोळ वाढला. आरशात दोन डोकी, एक खाली एक वर. मला दिसतोय तो तू, की माझंच तोंड? गालाला फेस लावला की त्याच्या डोळ्यांत आप्पा दिसतात. फेस पुसला की कुणीच दिसत नाही.

सरळ विचारून टाक म्हणशील. मागे एकदा बस स्टँडवर एका माणसाला तू समजून मिठी मारली, हाताला धरून घरी आणला आणि दारातूनच आईला ओरडून सांगितलं की सापडला. माणूस भला. मुकाट्याने तिच्याजवळ बसला. तिने त्याचा चेहरा चाचपला, हात हातात घेतला आणि म्हणाली, हा नव्हे. नंतर ती दोन दिवस जेवली नाही. तिला पुन्हा तसं करायची माझी छाती नाही. आणि हा खरंच तू असलास, मी विचारलं, आणि उठून गेलास तर? मग दाढीलाही यायचा नाहीस.

म्हणून हे पत्र. पुढच्या खेपेला तो आला की पुसायच्या टॉवेलाबरोबर त्याच्या हातात ठेवणार आहे. म्हणजे तुझ्या. म्हणजे तुमच्या. बघा, इथेही माझा गोंधळच. साहेब, तुम्ही तो नसाल तर माफ करा, पत्र आरशापाशी ठेवून जा आणि येत राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. आणि बारक्या, तू असलास तर मला काही सांगू नकोस, मीही काही विचारत नाही. खुर्चीतून ऊठ आणि पडदा सारून आत जा. आईची आता माणसं ओळखण्यात गल्लत होते. माझी चाहूल लागली की ती तुझं नाव घेऊन हाक मारते आणि मी ओ देतो. रोज देतो. मला आता ते जमत नाही रे. एकदा तू दे.

तू तोच असलास, तर तुझाच,
दादा