तिपटीचा नियम

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही निवत नाही. आज निशातगंजच्या घरी एक मुलगी आली, ओठ फाटलेला. "मैम, आपकी मम्मी की किताब पढ़ी थी," म्हणाली. मला लगेच ती सरोजिनी नगरची बाई आठवली.

पुस्तकांतून तू नवऱ्यांची सालटी काढायचीस आणि पौर्णिमेला बायकांना जमवून देवीची पूजा करायचीस. या पंथाला विक्का म्हणतात, परदेशातून आलाय, हे शेजाऱ्यांना सांगून सांगून मी थकले. त्यांच्या लेखी तू चुडैलच. त्या संध्याकाळी फरशीवर मिठाचं रिंगण आहे, आत ती बाई, नवऱ्याच्या माराला भिऊन आपल्याकडे पळून आलेली, कानाची पाळी तुटलेली. दार फोडून तिचा नवरा घुसतो, हातात लोखंडी सळई. "हट जा, चुड़ैल." तू म्हणतेस, "चुड़ैल ही सही, भैया. बाहर जाइए." तो सळई उगारतो. तुझ्या हातात सुरी आहे, आई, चांगली वीतभर, आणि तू ती खाली ठेवतेस, कारण पूजेच्या सुरीने कोणाला कापायचं नसतं. कसली मेली ही रीत. त्याने तुझं उजवं मनगट मोडलं, लिहिण्याचं. हाडाचा आवाज मला ऐकू आला. मी खलबत्त्यातला बत्ता उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला, आणि तो कोसळल्यावर तोंडावर. त्याचे दात मिठात पडले. ती बाई वाचली, आता कानपूरला शिवणकाम करते.

आणि तू? जवळ घेतलं नाहीस, शाबास म्हणाली नाहीस. मनगटाला ओढणी गुंडाळत म्हणालीस, "दुसऱ्याला जे दुखणं देशील ते तिप्पट होऊन तुझ्याकडे येईल. आपला नियम आहे." असा संताप आला मला. तुझं शेवटचं पुस्तक तू तोंडाने सांगितलंस, मी लिहून घेतलं, रोज त्या वाकड्या मनगटाकडे बघत. माझ्याकडे काही तिप्पट आलं नाही. त्या माणसाकडे तरी कुठे आलं? जामिनावर सुटला आणि दुसरी बायको केली.

आज त्या मुलीने विचारलं, "वो मारे तो मैं भी मारूँ?" मी हो म्हटलं आणि तिला चहा दिला.

मेलेल्यांना लिहिलेलं पत्र जाळलं की पोचतं, असं आपण मानतो. हे मी जाळणार नाही. तरीही पोचलंच तर तुला कळेल, की पौर्णिमेच्या पूजेत तुझ्या जागी बसल्यापासून तो नियम मी एकीलाही शिकवलेला नाही.