कानावरच्या मऊ गाद्या

किल्लारी, रविवार, दिवेलागण

नवा हेडसेट खरंच चांगला आहे. वरची पट्टी धातूची, कानावरच्या गाद्या मऊ. दुपारभर गेम खेळलो तरी कान दुखले नाहीत. बाहेरचा आवाज अजिबात आत येत नाही. त्यासाठीच तर घेतला होता ना मी?

भूकंपापासून अण्णांची सवय आहे, झोपताना उशाशी उपड्या पेल्यावर तांब्या ठेवायचा. जमीन हलली की आधी तो पडतो. आज दुपारी मांजरानं पाडला. अण्णा झोपेतून उठून थेट अंगणात धावले आणि तिथून मला हाका मारत राहिले. मी आपला खेळतच होतो.

खांद्यावर हात पडला तेव्हा दचकलो. हेडसेट काढला तर म्हणाले, "लई आवाज दिले रे. तू ओ देईना."

भूकंपाच्या त्या पहाटेही त्यांनी अंगणातूनच हाका मारल्या होत्या, त्यांच्या धाकट्या भावाला, माझ्या काकाला. काकानं ओ दिली नाही. अण्णांना आत जायचा धीर झाला नाही आणि काका ढिगाऱ्याखाली गेला. हे आईनं सांगितलेलं. ते स्वतः कधीच बोलले नाहीत.

मघापासून या मऊ गाद्या बोटांनी दाबत बसलोय. आज भूकंपच झालाय असं समजून अण्णा आत आले.