टेक्निशियन टिबेट्सचं पहिलं सत्र

२५ ऑगस्ट, पहाटे ५.४०
आज कॉलेजचा पहिला दिवस. वय त्रेपन्न. कागदाच्या मिलमध्ये चोवीस वर्षं, त्यातली अकरा फोरमन म्हणून. मिल बंद झाली त्या दिवशी गेटसमोर चाळीस माणसं तोंडं पाडून उभी होती. मी एकट्यानेच छाती पुढे काढून सांगितलं, रडताय काय, मी इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन होणार. दोन वर्षांचा कोर्स. मग बँगोर शहरातल्या हॉस्पिटलातली यंत्रं माझ्या हातात.
संकल्प : रोज तीन तास अभ्यास. वर्गात इतरांना न्यूनगंड येईल असं वागायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वर्गात कोण असावं? ड्वेन सीअर. माझ्याच शिफ्टला कागदाचे रोल उचलायचा. डोकं वापर, असं त्याला नऊ वर्षं सांगत आलो. मला बघून म्हणाला, या साहेब, तुमची जागा धरून ठेवलीय. बाईंचं नाव मिस पेल्टिए, वय जेमतेम एकतीस. त्यांनी आम्हा दोघांची जोडी लावली. बिचाऱ्याला आधार होईल.

३ सप्टेंबर
गेल्या आठवड्यात रेझिस्टर शिकवला. विजेला अडवणारी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी वस्तू, अंगावर रंगीत पट्टे. एकेका रंगाला एकेक आकडा. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, हिरवा पाच वगैरे. पट्टे वाचायचे, आकडा सांगायचा. मला अर्ध्या तासात तोंडपाठ. ड्वेनला दोन दिवस लागले. त्याला म्हटलं, धीर सोडू नकोस.

९ सप्टेंबर
दहा रेझिस्टर ओळखायची चाचणी. मला तीन आले. ड्वेनला दहा.
कारण : वर्गातल्या ट्यूबलाइट. बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, मिस्टर टिबेट्स, बाकीच्यांनाही उजेड तोच होता. बाई तरुण आहेत. अनुभव कमी.

१३ सप्टेंबर, शनिवार
नवा टेबल लॅम्प आणला. ओव्हनमध्ये बीन्स होईपर्यंत लॉर्नाला चाळीस रेझिस्टर ओळखून दाखवले. लॉर्ना माझी बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात असते. चष्मा लावून, यादी हातात धरून माझं एकेक उत्तर तपासत होती. मधेच एका पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, आणि हा रे? मी म्हटलं, तपकिरी. तिने यादी खाली ठेवली. बीन्स बघायला उठली. बीन्सना अजून तीन तास होते. थक्क झाली असणार.

३० सप्टेंबर
बाई म्हणाल्या, पट्ट्यांनी गोंधळ होत असेल तर मीटर लावून मोजा, त्यात कमीपणा नाही. मी नम्रपणे नकार दिला. मीटर म्हणजे कुबडी. मिलमध्ये कागदाची जाडी मी नुसत्या बोटांनी सांगायचो. ड्वेन म्हणाला, हो साहेब, तुम्ही बोटांनी सांगायचात आणि आम्ही अख्खा रोल परत लगद्यात टाकायचो. त्याची स्मरणशक्ती पहिल्यापासूनच कच्ची.

७ ऑक्टोबर
कॉलेजला वीस मिनिटं उशीर. बॉस्टनवाल्यांच्या गाड्या पुलावर आडव्या. दरवर्षी येतात, चार तास गाडी हाकत. कशाला, तर झाडांची पानं बघायला! त्यात या लोकांना काय दिसतं, देव जाणे.

१० ऑक्टोबर
सत्राच्या मधली परीक्षा. शंभरात एकतीस. पानांच्या गडबडीत अभ्यास झाला नाही.

१६ ऑक्टोबर
पॉवर सप्लाय जोडायचा होता. मी जोडला. आधी धूर, मग फट्. ड्वेनच्या टोपीवर काहीतरी उडालं. तो म्हणाला, साहेब, लाल वायर लावायची होती. मी म्हटलं, लालच लावलीय. त्याने वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अगदी हळू आवाजात, जन्मात पहिल्यांदा साहेब न म्हणता, म्हणाला : रॉयस, ती हिरवी आहे रे.
आजकाल वायरी धड रंगवत नाहीत.

२० ऑक्टोबर
बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं. काय दिसतं? ठिपके. पुढचं पान. ठिपके. असं शेवटपर्यंत. मला वाटलं, सगळी बरोबर आली. तर म्हणाल्या, प्रत्येक पानावर आकडा आहे. लाल आणि हिरव्यातला फरक तुम्हाला दिसत नाही. जन्मापासून.
मी म्हटलं, शक्य नाही. बायको बोलली असती.
घरी येऊन विचारलं. लॉर्नाला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं. लग्नात मी एक लाल आणि एक हिरवा मोजा घालून उभा होतो म्हणे. रोज सकाळी माझे कपडे पलंगावर काढून ठेवते ते त्यासाठी. मला वाटायचं, प्रेमाने. तसं म्हटलं तर म्हणाली, प्रेमानेच, गाढवा.
मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, कागदाच्या मिलमध्ये काय अडत होतं तुझं? सगळं पांढरंच. आणि मिल गेल्यावर तू गेटसमोर ते बोलून बसलास. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगू?

२१ ऑक्टोबर
अंगणातला मेपल कसा दिसतो, विचारलं. लॉर्ना खिडकीशी उभी राहून लाल झालेल्या पानांबद्दल बराच वेळ सांगत होती. ऐकायला बरं वाटलं. बॉस्टनवाल्यांबद्दल लिहिलेलं मात्र मागे घेत नाही. पूल त्यांनी अडवलाच होता.

२३ ऑक्टोबर
मन एकदम हलकं. सगळा उलगडा झाला. मी ढ नाही, माझे डोळे ढ आहेत! डॉक्टरांचा दाखला बाईंना दिला. त्यांनी लगेच मान्य केलं : सत्राच्या शेवटच्या परीक्षेला माझ्या प्रत्येक वस्तूवर आकड्याची चिठ्ठी, प्रत्येक वायरवर रंगाचं नाव. चिठ्ठ्या चिकटवायचं काम ड्वेनने स्वतःहून घेतलं. म्हणाला, साहेब, आता तुम्हाला कोण अडवतंय. खरंच, कोण?

१८ नोव्हेंबर
हरणांच्या शिकारीचा हंगाम. पुस्तक रानात घेऊन गेलो होतो. एका जागी तासन् तास बसायचंच असतं, दोन्ही कामं होतील. दोन्ही झाली नाहीत. चिंता नाही. अडचण डोळ्यांची होती आणि ती सुटली आहे.

९ डिसेंबर
परीक्षा. बाईंनी मला एक तास जास्त दिला. टेबलावर दोनशे चिठ्ठ्या, ड्वेनच्या वाकड्या अक्षरात. सगळे आकडे स्वच्छ दिसत होते. त्यांचं करायचं काय, ते दिसत नव्हतं.
गुणायचं की भागायचं? पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्या आठवड्यात मी ड्वेनला धीर देत होतो.
जास्तीचा तास संपेपर्यंत बसून राहिलो. उठलो असतो तर बाईंना वाईट वाटलं असतं.

१२ डिसेंबर
निकाल. रंग दिसत नव्हते तेव्हा एकतीस. आकडे दिसत असताना चोवीस.
ड्वेनला एक्क्याण्णव. तो पुढच्या सत्रात गेला. माझ्याशी नुसता हात मिळवला. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. बाई म्हणाल्या, मिस्टर टिबेट्स, जानेवारीत पहिलं सत्र पुन्हा करता येईल, विचार करून सांगा. आवाज फार मऊ होता.
घरी लॉर्ना ओट्याशी बटाटे सोलत होती. किती पडले, विचारलं. मी सांगितलं. ती सोलायची थांबली, माझ्याकडे बघत राहिली. कारणाची वाट बघत होती. मीही बघत होतो. काही सुचेचना.
शेवटी तीच म्हणाली, थंडी केवढी होती रे परीक्षेच्या दिवशी. बोटं आखडली असतील तुझी.
मी म्हटलं, असेल.