मामांचं नाक आणि तीन पुड्या

तीर्थरूप मामांस,

गुडघे, कोपर, कपाळ, जे जे जमिनीला टेकतं ते सगळं टेकवून नमस्कार. (खरंच टेकवलंय. आईने स्वयंपाकघरातून विचारलंसुद्धा, काय पडलं म्हणून.) तुम्ही निवृत्त झालात, त्याबद्दल अभिनंदन करायचं की सांत्वन, ते मामीला विचारून ठरवतो, कारण तुम्ही दिवसभर घरात असणार म्हणजे नक्की काय ते तिलाच कळणार. तिचा गुडघा कसा आहे? तुमची पाठ? शेजाऱ्यांचं कुत्रं अजून फक्त तुमच्यावरच भुंकतं का? इकडे सगळं ठीक. गेले तेवीस दिवस मी कुणाचीही खोडी काढलेली नाही, त्यामुळे आई काळजीत आहे. काल कपाळाला हात लावून ताप बघून गेली.

तुमचं पत्र आणि कापसात गुंडाळलेला पाइप पोचला. पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा गंमत वाटली, की नऊ वर्षांनी मामा पुन्हा पाइप ओढणार, तोही मामीच्या परवानगीने, दर रविवारी एक, गॅलरीत, दार लावून. (डॉक्टरांनी काय परवानगी दिली ते तुम्ही लिहिलं नाहीत. म्हणजे त्यांना विचारलेलंच नाही, एवढं मला कळतं.) दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली, कारण तंबाखू निवडायचं काम तुम्ही मला सांगितलंत. या घरात आजवर माझ्यावर टाकलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे इस्त्रीचे कपडे आणणं, आणि तेही शर्टांच्या बाह्या एकमेकांत बांधून आणल्यापासून बंद झालं. तिसऱ्यांदा मात्र शेवटच्या ओळी वाचल्या आणि खाली बसलो. तुम्ही लिहिलंय, "कुठलीही पाठव, स्वस्तातली चालेल, माझं नाक नऊ वर्षांपूर्वीच गेलं."

मामा, हे मला माहीत नव्हतं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की साबणाच्या कारखान्यात तुम्हाला पॅकिंगमध्ये बढती मिळाली. प्रत्येक घाण्याचा वास घेऊन 'पास' किंवा 'परत' म्हणणारा माणूस, ज्याच्या मानेच्या एका हेलकाव्यावर अख्खी कढई ओतून द्यायचे, तो खोकी मोजायला स्वतःहून अर्ज करून गेला, हे मी तुमच्याच पत्रात पहिल्यांदा वाचलं. का, तर पाइपला नेहमीची चव लागेना, म्हणजे आपलं नाक संपलं, आणि संपलेल्या नाकाचा पगार घेणं बरं नाही. बरं, कुणाला दाखवलंत का? नाही. मामी म्हणते की दूध उतू जायच्या आधी तुम्ही फाटकातून ओरडता. त्यावर तुमचं म्हणणं, ते नाक नाही, तो अनुभव. तेव्हा मी ठरवलं की तंबाखू निवडायची ती धडधाकट नाकाच्या माणसाला निवडतात तशी, आणि या पत्राच्या शेवटापर्यंत तुमचं नाक तुम्हाला परत करायचं. आता कसं केलं ते ऐका.

सुरुवात चुकली, ते आधीच सांगतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चेरीच्या वासाच्या तंबाखूचा एक डबा आणला. वर जहाज होतं, जहाज छान होतं. आणि तुम्हाला पाठवायच्या आधी तपासायला नको का, म्हणून तुमच्याच पाइपमध्ये भरली. (मी ओढत नाही. हे वाक्य आईला दाखवायला लिहिलंय, पण खरं आहे.) उशीत कापूस कोंबतात तशी कोंबली, सात काड्या ओढल्या, आणि पेटल्यावर विझू नये म्हणून आगीच्या बंबासारखा फुंकत राहिलो. दोन मिनिटांत पाइप हातात धरवेना, पाचव्या मिनिटाला मला कळलं की मी बसलोय ती खुर्ची फिरते आहे. ती फिरणारी खुर्ची नाही. जीभ अशी भाजली की दोन दिवस मीठ आणि साखर मला सारखीच. घरात जॅम करपल्याचा वास, शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या की काय केलंय, थोडं द्या. आई त्यांना काय म्हणाली ते लिहीत नाही, पण वाटी रिकामी गेली नाही, डबा त्यांच्याकडे गेला. त्या तो कपाटात ठेवतात, झुरळं येत नाहीत म्हणे.

मग खऱ्या दुकानात गेलो. चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या करणारा यांच्यामध्ये एक फट आहे, तिला दार लावलंय, तेच दुकान. आत गल्ल्यावर एक बाई बसतात. सत्तरीच्या असतील, केस पांढरे, अंगात औषधवाल्यासारखा पांढरा कोट, आणि मागे अकरा बरण्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. त्यांनी आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही. मी म्हटलं, चांगल्यातली तंबाखू द्या. त्या म्हणाल्या, कोणाला? मग जी चौकशी सुरू झाली, तेवढी मुलगी देतानासुद्धा करत नसतील. माणूस चहा गरम पितो की निववून? रागावला की बोलतो की गप्प बसतो? ओढताना गप्पा मारतो का? (बोलणाऱ्याचा पाइप सारखा विझतो, त्याला जरा कोरडी लागते.) किती वर्षांनी परत ओढणार? नऊ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी परत येणाऱ्याला सोडताना जी ओढत होता ती कधी द्यायची नाही. जीभ लहान मुलाची झालेली असते आणि आठवण म्हाताऱ्याची. माणूस आठवण शोधायला जातो, जीभ भाजून घेतो, आणि दोष तंबाखूला देतो. मग हात पुढे केला आणि म्हणाल्या, पाइप आणलाय?

त्यांनी पाइपच्या वाटीत नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "परवा यात कुणी जॅम जाळला?" मी चष्मेवाल्याच्या दुकानाकडे बघितलं. मग त्यांनी पांढरा कागद पसरला, पातळ सुरी घेतली आणि आतला जळका थर खरवडायला लागल्या. मामा, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ओढून ओढून वाटीच्या आत थरावर थर चढतात आणि प्रत्येक थरात त्या त्या काळाची तंबाखू राहते. बाईंनी ते कण कागदावर ओळीने मांडले, नवे डावीकडे, जुने उजवीकडे, चिमटीत चुरडून एकेकाचा वास घेतला. जुन्यांवर आल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, गोडसर पान, वर धुरावर सुकवलेल्या पानाची चिमूट, वर्षानुवर्षं तेच, कधी हलकं घेतलेलं नाही. "या माणसाला कळत होतं." मी असा ताठ उभा राहिलो की जणू तंबाखू मीच ओढत होतो. मग त्या जॅमच्या लगेच खालच्या थराकडे, म्हणजे तुम्ही सोडलंत त्या वेळच्या थराकडे वळल्या, बराच वेळ वास घेतला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. (त्यात काय सापडलं ते खाली सांगतो. इथे सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.)

त्या दिवशी त्यांनी काहीच दिलं नाही. उद्या ये म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर बरण्या पुसायला लावल्या, तिसऱ्या दिवशी तंबाखू मोकळी करायला. (चांगली तंबाखू चिमटीत दाबली की हळूच उघडते. चिकटून बसली तर ओली, चुरा झाली तर मेलेली. हे मला आता झोपेतही कळतं.) पाचव्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. त्या जेवायला आत गेल्या आणि मी अकराही बरण्यांच्या चिठ्ठ्या आलटून पालटून टाकल्या. मला वाटलं आता मजा. (तेवीस दिवसांपूर्वीची, ती शेवटची खोडी.) बाई आल्या, एक नजर टाकली, ओरडल्या नाहीत, गल्ल्यातून रुमाल काढला आणि माझे डोळे बांधले. म्हणाल्या, आता लाव जागेवर. नाकाने.

मामा, इथे हळू वाचा. मी लावल्या. एकेक बरणी नाकाशी आणायची, मी सांगायचं, त्यांनी चिठ्ठी डकवायची. दुपारच्या गवतासारखी ती व्हर्जिनिया, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी ती बर्ली, चुलीजवळ टांगलेल्या चामड्याच्या पिशवीसारखी ती लटाकिया. दहा बरोबर. अकराव्या बरणीला मी अडलो. म्हटलं, उरलेल्या चिठ्ठीवर जे लिहिलंय ते हे नाही, हे दुसऱ्या बरणीतलंच आहे, जरा जुनं. बाईंनी बरणी स्वतःकडे ओढली. मग त्यांनी स्वतः वास घेतला. गेल्या महिन्यात त्यांनीच चुकून भलत्या बरणीत ओतली होती, आणि तेव्हापासून चष्मेवाले तीच भारीतली म्हणून नेत होते आणि रोज येऊन तारीफ करत होते. त्यांना बोलावून सांगितलं तर म्हणाले, माझ्या लक्षात आलं होतं, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तुमच्याच घराण्याचं नाक आहे हे, मामा. बापाकडून आलं असतं तर मला आजपर्यंत कळलं असतं.

तर तुमच्यासाठी मिश्रण मी निवडलं, बाईंनी फक्त हो म्हटलं. दोन मुठी गोड पान, एक मूठ शेंगदाण्यावालं, म्हणजे जीभ चावणार नाही, आणि धुरकट पानाची एवढीशी चिमूट, तुमच्या जुन्या सवयीला नुसता नमस्कार म्हणून. पाइप साफ करून सोबत पाठवतोय. पहिला आठवडा रिकामाच तोंडात धरा. मग खाली सैल भरा, वर जरा दाबून. पहिली काडी नुसती वर फिरवायची, ती विझू द्यायची, खरी दुसरी. गरम चहा बशीत ओतून पितात तसे सावकाश घोट. वाटी गालाला लावून बघा, चटका बसला तर तुम्ही घाईत आहात, खाली ठेवा. अर्ध्यात विझला तर विझू द्या, तुम्हाला कुठे जायचंय.

मामीला नमस्कार. कुत्र्याला नाही.

तुमचा,
एका कामात तरी तुम्हाला मान खाली घालायला न लावलेला,
भाचा

ता. क. : खरं काम राहिलंच. बाईंना मागे कुणी नाही. पुढच्या महिन्यापासून मला मिश्रणाच्या टेबलावर कायमचं बसवायचं म्हणतात. (मला. झेरॉक्सच्या दुकानातून, लिफ्टवरून आणि बेकरीतून काढलेल्या मला.) पण त्यांची एक अट आहे. या पाइपच्या मालकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की या मुलाच्या हातात दुसऱ्याची तंबाखू द्यायला हरकत नाही. दुसऱ्या कुणाचं पत्र चालणार नाही. मी आईचं चालेल का विचारलं.

आणखी ता. क. : तुमचंच का, ते सांगायला हवं. बाईंना तुमच्या त्या शेवटच्या थरात लाकूड सापडलं. पेन्सिलीचं. नऊ वर्षांपूर्वीची, तुमच्याकडची मे महिन्याची सुट्टी आठवते? तुम्ही मला रोज दहा पानं शुद्धलेखन लिहायला बसवायचात आणि मी लिहायला नको म्हणून दिवसभर पेन्सिलीला टोक करायचो. तुम्ही केराची टोपली बघून हिशेब करायला लागलात, म्हणून सालपटं कुठे लपवू कळेना. तुमच्या तंबाखूच्या पाकिटात चुरडून टाकली की ओळखू यायची नाहीत. सुट्टीभर टाकली. मी शाळेला परत गेलो आणि विसरलो. तुम्ही पाइप सोडलात, कारखान्यातली खुर्ची सोडलीत, आणि नऊ वर्षं खोकी मोजलीत. तुमचं नाक गेलं नव्हतं, मामा. ते अगदी बरोबर सांगत होतं की यात काहीतरी घोळ आहे. माझ्या प्रत्येक गोष्टीत तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, आणि नेमका त्या एकदा स्वतःच्या नाकावर घेतलात. हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही. पण सांगितलं.

अजून एक ता. क. : माझ्या सांगण्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे मला माहीत आहे, मीही ठेवला नसता. म्हणून तीन पुड्या पाठवल्यात. मिश्रण एकच. पण एकीत मी पुन्हा तेच केलंय, चिमूटभरच, बाईंच्या समोर. त्यांनीच सांगितलं किती. पेटवू नका, नुसता वास घ्या, आणि डोळे मामीच्या हाताने बांधून घ्या, तुम्ही स्वतः बांधलेत तर खालून बघाल. पुडी ओळखलीत तर ती फेकून द्या आणि मग बाईंना काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही ओळखलीत तर काहीच लिहू नका. मी बेकरीवाल्याचे पाय धरीन. पण मला ते धरावे लागणार नाहीत, एवढी मला खात्री आहे.

शेवटचं : लिहायला सोबत पेन्सिल ठेवली आहे. टोक करूनच पाठवलंय. त्याची सालपटं कुठे आहेत, तेवढं तुम्ही सांगा.