सर्व सभासदांच्या संमतीने

सोमवार, ता. ४

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तू नीट पोचलीस, भाचीला आता ताप नाही आणि बाळाचं वजन दोन किलोच्या वर गेलं, हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. आठव्या महिन्यातच यायची एवढी काय घाई होती म्हणावं त्याला. मी एका दिवसात मामाचा मामाआजोबा झालो, मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

लाँड्री व्यवस्थित चालू आहे. इस्त्रीवाले काका सकाळी सातला कुलूप उघडतात. हॉस्पिटलच्या तीनशे चादरी रोज वेळेवर जातात. काकांचं आणि धुणाऱ्या बायकांचं साबणावरून रोज वाजतं, ते तू असतानाही वाजायचं, तेव्हा सगळं जागेवर आहे असं समज.

आता मोठी बातमी. आगीच्या नव्या नियमात प्रत्येक दुकानाला मागचं दार हवं, नाहीतर सील, असं आलं होतं ना? आपली एकशेचाळीस दुकानं पाठीला पाठ लावून बसलेली. मागचं दार काढलं तर ते थेट शेजाऱ्याच्या गल्ल्यावर उघडायचं. तर ते प्रकरण मिटलं. आपल्या व्यापारी संघटनेला सूट मिळाली. आठ महिने मी निवेदनं लिहीत होतो. अर्ज लिहितो म्हणून तूच मला 'अर्जंट' नाव ठेवलंस, आता अख्खा बाजार त्याच नावाने हाक मारतो.

सात वर्षं मी सचिव आहे, पण पालिकेतल्या मोठ्या साहेबांच्या दालनात आम्ही आजवर उभेच असायचो. या वेळी खुर्च्या दिल्या. पंखासुद्धा आमच्याकडे वळवला. आपल्या कापडवाल्या अध्यक्षांना बोलता बोलता समोरच्याचा शर्ट चाचपायची सवय, ते साहेबांच्या बाहीला हात घालतात की काय, या धास्तीने मी अर्धा वेळ त्यांचाच हात बघत होतो.

हां, त्याच ऑफिसातून तुझ्या नावाचा एक कागद आला आहे. काकांनी माझ्याकडे आणून दिला. नेहमीचंच काहीतरी असेल, मी बघतो. तू बाळाकडे लक्ष दे.

तुझा,
धाकटा


सोमवार, ता. ११

तीर्थस्वरूप ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. बाळ तुझ्याच मांडीवर झोपतं म्हणजे त्याला माणसांची पारख आहे.

कागदात काय आहे ते विचारलंस, आणि पुढे लिहिलंस, 'तू आहेस ना तिथे, मग मी कशाला काळजी करू.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. आता कागदाचं सांगतो, पण घाबरू नकोस. बाजाराच्या हद्दीतला बॉयलर बंद करून हलवावा, असं त्यात लिहिलं आहे. हरकत असेल तर गुरुवारी, ता. २१ ला, सकाळी अकराला सुनावणी आहे. मालक आले नाहीत तर हरकत नाही असं धरून दुसऱ्या दिवशी सील लावणार. बाजारात बॉयलर एकच, तो आपल्या लाँड्रीचा.

झालं असं, की एवढ्या दुकानांना सूट द्यायची तर बाजारातला धोका कुठेतरी कमी झालेला साहेबांना कागदावर दाखवायचा होता. त्यातून बॉयलरचा विषय निघाला. तो ऑफिसच्या बाजूने निघाला. संघटनेच्या पत्रात त्यावर एक ओळ गेली. आणि तुला ठाऊक आहे, माझ्या प्रत्येक निवेदनाचा शेवट ठरलेला असतो, 'सर्व सभासदांच्या संमतीने सादर.' हात आपोआप लिहून मोकळा होतो. तसंच याही वेळी झालं. तूही सभासद, म्हणून त्यांनी तुझीही संमती धरली. सवयीने झालेली चूक आहे. मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला आहे, उद्या देतो, मिटेल.

सुनावणीला तुला यायची काही गरज नाही. मी असेनच. काकांना फोन करून विचारत बसू नकोस, ते राईचा पर्वत करतात.

भाचीला सांग, मामा जमेल तेव्हा येऊन जाईल.

तुझा,
धाकटा


रविवार, ता. १७

ताई,

हे पत्र काकांच्या हाती देतो आहे. टपालावर सोडायला आता दिवस उरले नाहीत, आणि फोनवर हे माझ्याने बोलवणार नाही. आधी हे पूर्ण वाच, मग त्यांना चहा विचार. बसमध्ये सहा तास बसून येणार आहेत, तरी थोडं थांबतील.

गेल्या सोमवारी मी तुला खोटं लिहिलं.

विषय ऑफिसच्या बाजूने निघाला नव्हता. साहेब एवढंच म्हणाले होते, की आम्ही इतकं देतो आहोत तर तुमच्याकडूनही काहीतरी दिसायला हवं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. ते काही बोलायच्या आत मीच बोललो. म्हणालो, मागच्या गल्लीत एक बॉयलर आहे, तो हलवता येईल.

साहेबांनी विचारलं, "मालकीणबाईंची संमती आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

का म्हणालो ते दोन आठवडे स्वतःला विचारतो आहे. एकशेचाळीस दुकानांत माझं कुलपांचं आठ फुटी दुकानही आहे, हे एक कारण. आठ महिन्यांनी खुर्ची मिळाली होती, ती रिकाम्या हाताने सोडवेना, हे दुसरं. तिसरं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. ढाब्यांच्या भट्ट्यांचं नाव घेतलं असतं तर ढाबेवाले अंगावर आले असते. रंगवाल्याचं नाव घेतलं असतं तर त्याने संघटना फोडली असती. तू भांडणार नाहीस, हे मला माहीत होतं. घरचंच माणूस आहे, समजून घेईल, असं मी धरून चाललो. तू विश्वास ठेवतेस म्हणून मी तुझाच बळी दिला.

आणि ते शेवटचं वाक्य हाताने आपोआप लिहिलं, हेही खोटं. 'संमतीने' लिहिताना पेन थांबलं होतं. बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो, मग लिहिलं.

दुरुस्तीचा अर्ज घेऊन मी तीनदा जाऊन आलो. खिडकीतला कारकून म्हणतो, संघटनेचं पत्र संघटनेलाच मागे घेता येतं, अध्यक्षांच्या सहीने. बुधवारी कार्यकारिणीची बैठक बोलावली, हात जोडले, अक्षरशः हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, पत्र मागे घेतलं की सूटही गेली, एका बॉयलरसाठी एवढी शटरं पाडायची का? ते खोटं बोलत नव्हते, ताई. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरचे अभ्रे तुझ्याकडे धुवून जातात. मग ठरलं, की सुनावणीत संमती कायम आहे असं संघटनेतर्फे सचिवाने सांगायचं. सख्खा भाऊच सांगतो आहे म्हटल्यावर साहेब आणखी कोणाला विचारणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. मी राजीनामा पुढे केला, तर म्हणाले, गुरुवारनंतर दे. मी गेलो नाही तर उपाध्यक्ष माझंच पत्र वाचून दाखवतील.

माझं डोकं चालेनासं झालं आहे. दुकानात एका गिऱ्हाइकाला काल दुसऱ्याच कुलपाची किल्ली घासून दिली.

काल परत खिडकीवर गेलो. कारकुनाला माझी कीव आली असावी. हळूच म्हणाला, मालकीण स्वतः आल्या आणि मला कोणी विचारलं नव्हतं असं म्हणाल्या, तर सील लावता येत नाही, सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं. एवढा एकच रस्ता आहे. आणि मीच तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं. काका सांगतात, तू त्यांनाही फोनवर म्हणालीस, माझा भाऊ बसलाय तिथे, मी येऊन काय करू.

म्हणून हे सगळं लिहावं लागलं. नाहीतर तू आली नसतीस.

ये, ताई. एवढ्याशा बाळाला सोडून ये म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो. बुधवारी सकाळच्या बसने काकांबरोबर निघ. बॉयलर बंद झाला की हॉस्पिटल चादरी दुसरीकडे पाठवेल, आठवडाभरही वाट बघणार नाही. काका धरून सात माणसं घरी बसतील. भावोजी गेल्यावर चाळिसाव्या वर्षी तू बॉयलर चालवायच्या परीक्षेला बसलीस आणि पहिल्या फटक्यात पास झालीस. दर वर्षी तपासणी होते, एकदाही शेरा नाही. ती सगळी प्रमाणपत्रं काकांनी कपाटातून काढून पिशवीत घेतली आहेत.

तू बोललीस तर सूट पुन्हा तपासणीला जाईल. बाजार मला दारात उभं करणार नाही. माझं मी बघेन. कसं बघेन ते ठाऊक नाही, पण त्यासाठी तू गप्प बसू नकोस.

साहेब तुला विचारतील, संमती दिली होती का? 'नाही' म्हण. एवढा एकच शब्द म्हण. मी समोरच्या खुर्चीत असेन, माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर तुला माझी दया येईल आणि तू 'हो' म्हणून बसशील. मी तुला ओळखतो. त्याच ओळखीवर मी तुझं नाव घेतलं होतं.

बाळाची तब्येत बिघडली आणि निघणं जमलंच नाही, तर हे पत्र काकांबरोबर परत पाठव आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायला सांग. म्हणून खाली सही पूर्ण केली आहे, तारखेसकट, वाचता येईल अशी.

तुला एकदाही न विचारता 'आहे' म्हणालेला,
तुझा सख्खा भाऊ,
सचिव, व्यापारी संघटना
(पूर्ण सही) ता. १७