घंटावाल्याचा पूल

९ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई आज स्पष्टच बोलल्या. पुढच्या सोमवारी तपासणी. तोवर ह्यांनी हाताला काही करूच दिलं नाही, तर उपचारांच्या यादीतून नाव काढावं लागेल. "काकू, माझ्याकडे रांग आहे. ज्यांना हात हवाय ते बाहेर बाकावर बसलेत." हे समोरच होते. भिंतीकडे बघत. उजवा हात मांडीवर — दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा.

ह्यांना हात नको आहे असं नाही. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून एक झालंय, एखादी गोष्ट एकदा जमली नाही की ती ह्यांच्या लेखी संपली. रबरी चेंडू एकदा हातातून घरंगळला, पुन्हा शिवले नाहीत. वाटाणे वेचायला दिले, वाटी भिंतीवर गेली. चिकणमाती तशीच वाळून दगड झाली. बोलण्याचंही तेच. गोदीतले जुने सोबती भेटायला आले होते. ह्यांचे शब्द जडावलेले, त्यांना कळेनात. "काय? काय म्हणालात?" असं चाललं होतं, मायेनेच. त्या दिवसापासून तोंड मिटलंय. मान हलवतात, तेवढंच.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक सुचवलं. व्हिडिओ गेम. त्यात दोन्ही अंगठे चालवावे लागतात. "काका क्रेन चालवायचे ना? मग त्यांना दोन दांडे द्या हातात." आणि बजावलंही — पहिल्याच दिवशी हरले तर हेही जाईल, सुरुवात सोपी बघा.

म्हणजे एकच संधी. देवा, ती कशावर लावायची हे तूच सुचव.

१० मार्च, मंगळवार

थोरलीला फोन केला. तिचं खेळायचं यंत्र इथेच माळ्यावर आहे, नोकरीच्या गावी नेलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, बाबांना भलतंसलतं पोरकट देऊ नकोस. मी खेळायचे ना, तलवारीचं, राक्षसांचं — बाबा मागे चहा घेऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले होते, ह्या पुलाचं काम पक्कं आहे. तेवढंच त्यांना आवडलेलं मला माहीत आहे."

तर त्या खेळाचे तीन भाग आहेत. खेळाच्या तबकड्या तिने वाटून टाकल्यात (हिची दानत वडिलांवर गेली आहे). तिचं म्हणणं, तिसऱ्यापासून सुरू करा, तो सगळ्यात मऊ आहे. फक्त एक सांगितलं, त्यात कुणी रस्ता दाखवत नाही. मोठं उघडं जग, वाटेल तिकडे जायचं.

आम्हाला न्हाणीघरापर्यंत जायचं तर पाच वेळा विचार करावा लागतो, आणि म्हणे वाटेल तिकडे!

संध्याकाळी जुन्या सामानाच्या दुकानात गेले. चष्मेवाला दुकानदार म्हणाला, "मावशी, तिसऱ्यात जग एवढं मोठं आहे की नवा माणूस हरवतो. दुसऱ्यापासून करा." पहिल्याचं काय, विचारलं. पोथी मी कधी मधूनच उघडली नाही, पहिल्या अध्यायापासून वाचते. तो हसला. "पहिला नकोच, तो भल्याभल्यांना रडवतो. कथा वेगवेगळ्या आहेत, सोडलात तरी पाप लागणार नाही."

तिघांची तीन तोंडं. शेवटी तिन्ही आणले. एक ठेवायचा, दोन शनिवारपर्यंत ओरखडा न पाडता परत करायचे, असं ठरवून घेतलं. त्याने कागदावर लिहून द्यायला आढेवेढे घेतले, मी लिहून घेतलं.

११ मार्च, बुधवार

देवाचं चाखायचं नाही, आजाऱ्याचं चाखल्याशिवाय द्यायचं नाही. तेव्हा तिन्ही आधी मीच बघणार. दुपारी हे आतल्या खोलीत झोपतात तेव्हा. मधलं दार ओढून घ्यायचं, टीव्हीचा आवाज बंद.

पहिला भाग लावला. एक फाटका माणूस खंदकातून वर येतो — म्हणजे मी. डावा दांडा हलवला की चालतो, उजवा हलवला की मान वळते. मी दोन्ही एकदम हलवले आणि परत खंदकात पडले.

पुढे एक दगडी पूल. पुलावर ताडमाड धूड उभं, खांद्यावर देवळातली असावी एवढी मोठी घंटा. घंटा बघून माझे हात आपोआप जोडले गेले. हातातला दोन दांड्यांचा कंट्रोलर मांडीवर पडला, आणि तेवढ्यात त्याने तीच घंटा माझ्या डोक्यात घातली. गेले.

मेलं की पुन्हा खंदकाशी उभं करतात. पण वाटेत जमवलेल्या ठिणग्या — तिथलं धन ते — मेलो त्या जागी पडून राहतात, चमकत. परत जाऊन उचलता येतात. त्या अगदी घंटावाल्याच्या पायाशी. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या अशा रस्त्यावर टाकून जायच्या? गेले आणायला. पुन्हा घंटा. पुन्हा गेले. ह्यांच्या चहाची वेळ झाली तेव्हा बंद केलं.

हा ह्यांना देणं शक्य नाही.

उठून बघते तर मधलं दार बोटभर उघडं. कडी नीट बसत नाही त्याची. आत जाऊन पाहिलं, हे डोळे मिटून पडले होते. जीव भांड्यात पडला.

१२ मार्च, गुरुवार

दुसरा भाग: सुरुवातीलाच पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या, आणि जो तो कोड्यात बोलतो. मीच वैतागले. बाद.

तिसरा बघत होते तेवढ्यात वन्सं आल्या. हातात ह्यांच्यासाठी लोकरी मोजे. टीव्हीवर घोडा बघून दारातच थबकल्या.

"वहिनी, हे काय?"

"ह्यांच्या हातासाठी आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"गोदीत दादाच्या नुसत्या खाकरण्याने माणसं सरळ व्हायची. त्याच्या हातात हे खेळणं देणार तुम्ही?"

खोटं नाही ते. नव्या क्रेनवाल्यांना हेच शिकवायचे. मागे उभे राहायचे, चूक झाली की एकच शब्द. नाहीतर नुसतं "च्". मोठमोठे बाप्ये त्या "च्"ला टरकायचे. एकाची बायको मला म्हणाली होती, आमचे हे झोपेत दचकतात हो.

वन्संना चहा दिला. जाताना म्हणाल्या, "नाव काढतील ते काढू देत. निदान त्याचा मान तरी ठेवा." कपबशी विसळताना सुचली सगळी उत्तरं.

तिसऱ्यात मोकळं रान आहे, घोडा आहे, पुष्कळ वेळ कुणी मारायला येत नाही. थोरलीचंच खरं. उद्या तिसरा.

रात्री जपात लक्ष लागलं नाही. मणी ओढते आहे आणि मनात घोडा.

१३ मार्च, शुक्रवार

संपलं.

सकाळी उशा लावून बसवलं. कंट्रोलर मांडीवर ठेवला, उजवी बोटं एकेक करून त्याच्याभोवती गुंडाळली. मी म्हटलं, नुसतं रानात फिरायचं आहे, कुणाशी भांडण नाही. डावा अंगठा चालला. उजवा हलेना. मान वळली नाही की दिसत नाही समोर काय आहे. तो बिचारा घोडेस्वार भिंतीला घासत राहिला, मग गोल गोल, मग तळ्यात.

ह्यांनी थोडा वेळ त्या पाण्याकडे बघितलं. मग कंट्रोलर डाव्या हाताने उचलून गादीच्या कडेला ठेवला. हळूच. आदळला असता तर बरं वाटलं असतं मला.

तोंड भिंतीकडे.

थोरलीला कळवलं नाही. ती "कसं झालं" म्हणून विचारत होती, मी म्हटलं, लाइट गेले होते.

१४ मार्च, शनिवार

तिन्ही परत करायचे ठरवलं. पिशवीत भरले. मग वाटलं, पहिल्या भागात माझ्या ठिणग्या पडून आहेत तिथे. परत दिल्यावर त्या कुणाच्या कामाच्या? कुणाच्याच नाहीत. माझ्याही नाहीत. कळतंय सगळं. पण मिळवलेलं असं कुणाच्या पायाशी टाकून उठणं मला आयुष्यात जमलेलं नाही. हे दुपारचे पडलेले होते. दार ओढून घेतलं आणि पहिला भाग लावला.

गेले. घंटा. गेले. घंटा. एकदा बोट ठिणग्यांना लागणारच होतं — घंटा. मला रडू यायला लागलं. कशाचं, ते मी इथे लिहीत नाही. पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पुलाकडे निघाले.

"सोड."

टीव्हीचा आवाज मी बंद केला होता.

वळून पाहिलं तर मधल्या दारात हे. काठीवर भार, सदऱ्याचं एक बटण उघडं. तोंड वाकडं होत होतं, शब्द ओढून काढल्यासारखा बाहेर येत होता. "सोड… ते."

"काय म्हणालात" हे शब्द अगदी ओठांवर आले होते, देवानेच आवरलं.

काठी उचलून टीव्हीकडे केली. "डावी… कडे. खाली."

पुलाच्या डाव्या अंगाला कठडा फुटलेला आहे. मी दहादा तिथून गेले असेन, नजर ठिणग्यांवर, कठडा दिसलाच नाही. तिथून उतरायला पायऱ्या, खाली कोरडं पात्र. पुलाखालून सरळ पलीकडे वाट. घंटावाल्याला हात लावायचंही काम नाही!

पायऱ्यांवरून माझा पाय घसरला आणि मेले.

"च्," असं मागून आलं.

तो आवाज किती महिन्यांनी ऐकला. मी तिथेच मान खाली घालून हसले. रडलेही असेन.

मधल्या दाराची कडी मग नीट लावून बघितली. बसते की व्यवस्थित. चार दिवस मी उगाच कडीला दोष देत होते.

संध्याकाळी दुसरा-तिसरा परत केला. चष्मेवाला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मावशी, उलटं करताय. लोक पहिला परत आणतात." म्हटलं, आमच्याकडे तोच लागू पडला.

१५ मार्च, रविवार

हे खुर्चीत, मी पुढे जमिनीवर. कंट्रोलरला हात लावत नाहीत. मी दोनदा पुढे केला, मान फिरवली. मग नाद सोडला, मीच खेळते. आणि माझं चुकतं. मुद्दाम नाही हो, देवाशप्पथ, आपोआपच चुकतं! मागून एकेक शब्द येतो. थांब. मागे. बघ आधी. "आंधळी" असंही आलं एकदा. एरवी ऐकून घेतलं नसतं.

वन्सं आल्या. दादाचा आवाज जिन्यात ऐकू आला म्हणून धावतच वर आल्या, चप्पल पायात तशीच. ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "दादा, बोल ना. माझ्याशी बोल काहीतरी."

ह्यांनी मान एका बाजूला काढली. "सरक… दिसत नाही."

वन्सं सरकल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सरकल्या. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसून मला म्हणतात, "वहिनी, तुम्ही फार घाई करता हो." आता ह्याही शिकवणार.

पण हाताचं? हात मांडीवर तसाच आहे. उद्या तपासणी हाताची आहे, तोंडाची नाही.

१६ मार्च, सोमवार

सकाळी दिवा लावला आणि काही मागितलंच नाही. काय मागायचं ते ठरेना.

डॉक्टरीणबाईंनी चेंडू पुढे केला. ह्यांनी बघितलंही नाही. त्यांनी सुस्कारा टाकला, पेनाचं टोपण काढलं. "काकू, मला वाईट वाटतंय, पण—" मी सांगायला तोंड उघडलं की हे घरी बोलतात. पण बोलून दाखवा म्हटलं आणि बोलले नाहीत तर? बाहेर बाकावरच्या बाईला आत यायची घाई झालेली, दारातून दिसत होती. तिचाही नवरा तसाच बसलेला.

तेवढ्यात हे म्हणाले, "पुलावर… हिला… जमत नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "कोणाला? कुठला पूल, काका?"

"हिला. एकटीला."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सगळं सांगितलं, घंटेसकट. त्या ऐकून घेत होत्या, मग बराच वेळ लिहीत होत्या. नाव राहिलं. महिनाभर. वाचेच्या विभागाला चिठ्ठीही दिली. पण दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हाताचं अजून काही दिसत नाही. मनाची तयारी असू द्या."

असू द्या म्हणे. घरी येऊन तांदूळ निवडले. दोनदा तेच निवडले.

१७ मार्च, मंगळवार

खेळता खेळता माझा उजवा अंगठा दुखून आला. थांबले, फुंकर घालत बसले. ह्यांनी काठीचा रेटा देत खुर्ची माझ्याजवळ सरकवली, म्हणाले, "उजवी बाजू… माझी." कंट्रोलर आमच्या दोघांच्या मधे. डावा दांडा माझ्याकडे. उजवा दांडा हलला — इतका थोडा, की मला वाटलं माझाच धक्का लागला. मग पुन्हा हलला आणि टीव्हीतल्या माणसाने मान वळवली. समोर पायऱ्या दिसल्या. घंटावाला वर उभाच आहे, ठिणग्याही तिथेच. आम्ही खालून गेलो.

मी खाली वाकून नीट बघितलं. उजवा हात ह्यांचाच होता.