ओव्हरकोटाला चहा

३ मार्च
नोकरी सोडली. या देशात सिनेमा म्हणजे लग्नाचा व्हिडिओ आणि प्रेक्षक म्हणजे जेवण जिरवायला बसलेले वऱ्हाडी. मी शॉर्ट फिल्म काढणार. एक म्हातारा रिकाम्या ओव्हरकोटाला समोर बसवून चहा पाजतो. बस्स. सगळं बिश्केक शहर हादरेल.
बायको जिपारा म्हणाली, एप्रिलच्या स्क्रीनिंगमधून फेस्टिव्हलला निवड झाली तर ठीक, नाहीतर तिच्या भावाच्या कार वॉशवर कामाला जायचं. तत्काळ मान्य केलं. अटींना हरणारे घाबरतात.

१९ मार्च
शूटिंग. म्हातारा म्हणजे सासरे. शेवटी कोटापुढचा कप काठोकाठ भरायचा. अस्तित्वाची परिपूर्णता! सासरे अर्ध्यावर थांबतात. म्हणाले, जावईबापू, भरलेला कप म्हणजे पाहुण्याला 'निघा आता'; या बिचाऱ्या कोटाने माझं काय वाकडं केलंय?
शतकांची संस्कृती, आणि मावते अर्ध्या कपात! घसा बसेपर्यंत बोललो. शेवटी कप मीच भरला. सासऱ्यांनी कोटाची माफी मागितली.

२ एप्रिल
एडिटिंग. भरलेल्या कपाचा शॉट चार मिनिटं ठेवलाय. जिपारा म्हणते, लोक उठून जातील. मेंढरांसाठी कला थांबत नसते.

१४ एप्रिल
स्क्रीनिंग. हॉल गच्च, अर्धं सासरचं गोत. लोक खिळले होते. पडद्यावर कप भरला. पहिल्या रांगेतल्या म्हातारीने, पाहुणचार आटोपल्यावर करतात तसा, दोन्ही हात तोंडावरून फिरवून आशीर्वाद दिला, पर्स उचलली, निघाली. मागोमाग सगळा हॉल. फेस्टिव्हलचा परीक्षकसुद्धा! वर सासऱ्यांना म्हणतो, चहाबद्दल आभारी आहे.
मी दार अडवलं. अडाणीपणा, खादाडपणा, गुलामी, सगळ्यांवर तुटून पडलो. एक माणूस हलला नाही. म्हातारी रडली. टाळ्या थांबेनात.
निवड झाली नाही. परीक्षक विकला गेलेला असणार.

१५ एप्रिल
म्हातारीचा फोन. नातवाच्या लग्नात माइक धरून सूत्रसंचालन करशील का? म्हणे, एवढ्या शिव्या घालून लोकांना बसवून ठेवणारा माणूस शहरात दुसरा नाही. फाडकन नकार दिला. कलावंत बुफेशेजारी उभा राहत नाही.

१६ एप्रिल
कार वॉश. दुपारपर्यंत मोजे ओले. मेव्हणा म्हणतो, भावोजी, भाषण नको, चाकं घासा.

संध्याकाळी
म्हातारीला होकार कळवला. जनतेत शिरल्याशिवाय जनता बदलत नाही. मात्र बजावून सांगितलं, लग्नात माझी फिल्म दाखवलीच पाहिजे. म्हातारी म्हणाली, दाखवू की. पाहुणे उठेनासे झाले की लावू.